बाबागाडीतला बाबा कोण?

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याहून आलाय, एका तरुण बापाचा. मुलगी आठ महिन्यांची. तिच्यासाठी घरात नवी गाडी आली आणि त्या गाडीला म्हणायचं काय यावरून घरात चार मतं झाली. तो मराठी शाळेत शिकलेला, म्हणून ‘बाबागाडी’ म्हणतो. बायको ‘स्ट्रोलर’ म्हणते. साताऱ्याकडच्या सासूबाई आल्या आहेत, त्या ‘पांगुळगाडा’ म्हणतात. आणि त्याच्या आईनं, ‘आत बाय बसलीय, मग बाबागाडी कशी?’ असं विचारून परस्पर ‘बायगाडी’ करून टाकलंय. त्याला हवंय ते एवढंच: बाबागाडीतला बाबा म्हणजे आत बसणारा की मागून ढकलणारा? हा शब्द आला कुठून? पांगुळगाडा म्हणजे हीच गाडी का? आणि आईचं चुकतंय का?

मी तीसेक वर्षं मराठी शिकवली, आणि तेवढीच वर्षं संध्याकाळी मुद्रितशोधन आणि भाषांतर केलं. या एका शब्दाशी माझं जुनं देणंघेणं आहे, त्यात एक फजितीही आहे. ती पुढे सांगते. आधी थोडक्यात उत्तर. बाबा म्हणजे आत बसणारा. पांगुळगाडा ही वेगळी वस्तू, सासूबाई चुकल्या. तुमच्या आई चुकलेल्या नाहीत.

आता सविस्तर.

बसणारा की ढकलणारा, हा प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. मराठीत ‘गाडी’च्या आधी शब्द जोडताना आपण एकच नियम पाळत नाही. बैलगाडी बैल ओढतो. घोडागाडी घोडा ओढतो. आगगाडी आगीच्या जोरावर पळते. हातगाडी हातानं ढकलायची. सायकल नवीन होती तेव्हा तिला पायगाडी म्हणत, कारण ती पायानं चालवायची. म्हणजे पहिला शब्द गाडीला हलवतो कोण ते सांगणारा. या रांगेत बाबागाडी नेऊन बसवली तर अर्थ अगदी सरळ निघतो: बाबा ढकलतात ती बाबागाडी. तुमच्या गाडीच्या बाबतीत तो खराही असणार, कारण फोंड्याजवळच्या कुर्टीचा चढ आजी काही ढकलत नसेल. पण मराठीत दुसरीही रांग आहे. मालगाडी माल ओढत नाही, माल गाडीत असतो. दूधगाडीत दूध असतं. इथं पहिला शब्द आत काय आहे ते सांगतो. बाबागाडी या दुसऱ्या रांगेतली. व्याकरणानं फोड करायची तर ‘बाबासाठी गाडी’ अशी करा, जशी शाळेत ‘क्रीडांगण’ची ‘क्रीडेसाठी अंगण’ अशी करायचो.

पण मालगाडीत माल असतो हे कळायला कोश लागत नाही. बाबागाडीत घोटाळा होतो तो ‘बाबा’ या शब्दामुळे. त्याच्याएवढा सैल शब्द मराठीत दुसरा सापडणं कठीण. बाबा म्हणजे वडील. बाबा म्हणजे मठातला, दाढीवाला. बाबा म्हणजे कोणीही म्हातारा, ‘अहो बाबा, जरा सरका’. बाबा म्हणजे नुसता उद्गार, ‘नको रे बाबा’. आणि बाबा म्हणजे तान्हं पोर. सत्तर वर्षांचा आणि सात महिन्यांचा, दोघांना एकच नाव, आणि मराठी माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही.

हे कसं झालं असावं याची दोन कारणं मला पटतात, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

पहिलं कारण घरातलं. मोठी माणसं लहानांना स्वतःचंच नातं लावून हाक मारतात. आजी नातवाला ‘ये रे माझ्या बाबा’ म्हणते, आई लेकीला ‘जेव गं माझे आई’ म्हणते. आपल्याकडेच असं होतं असं नाही. अरबी बोलणाऱ्या घरांत बाप स्वतःच्या मुलाला सर्रास ‘बाबा’ म्हणतो आणि आई मुलांना ‘मामा’ म्हणते, म्हणजे जी हाक मुलानं आपल्याला मारायची तीच मुलावर उलटवायची. लाडाची ही रीत. त्यातून बापाचा शब्द पोराला चिकटतो आणि तिथंच राहतो.

दुसरं कारण बंगल्यातलं. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात नोकरचाकर साहेबाच्या मुलांना ‘बाबा’ म्हणत, आणि सगळी मुलं मिळून ‘बाबालोग’. १८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा तो कोश. त्यात ‘बाबा’ची नोंद आहे. ते म्हणतात, शब्द मुळात तुर्की, अर्थ बाप; पण इंग्रजांच्या घरांत तो मुलांसाठी वापरतात; आणि एतद्देशीय लोक आपसांत तो तसा, निदान नेहमी तरी, वापरत नाहीत; तेव्हा आमच्या ‘बेबी’ शब्दाची छाया त्यावर पडलेली दिसते. यातलं शेवटचं मला पटतं. मधलं पूर्ण पटत नाही, कारण आपल्या आज्या नातवाला काय म्हणत हे ऐकायला यूलसाहेब आपल्या माजघरात आले नव्हते. तरी मुद्दा राहतोच. देशी लाडाचा ‘बाबा’ आणि साहेबाचा ‘बेबी’ कानाला इतके जवळचे, की एकाची दुसऱ्यात भर पडत गेली.

या बंगल्याच्या बाजूनं माझ्याकडे एक पुरावा आहे, आणि तो कपड्यांच्या दुकानात मिळतो. बाबासूट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुलांच्या कपड्यांच्या ओळीत उभं राहून ‘बाबासूट दाखवा’ म्हणा, दुकानदार तुमच्या वडिलांचं माप विचारणार नाही. लहानग्या मुलाचा शर्ट-चड्डीचा जोड तो देईल. आता बघा, बाबासूट आणि बाबागाडी. दोन्ही शब्दांत बाबा म्हणजे मूल, आणि दोन्ही वस्तू बाहेरून आलेल्या. आपल्या जुन्या घरगुती वस्तूंना आपण ‘बाबा’ लावला नाही. बाळलेणं आहे, बाळगुटी आहे. बाबालेणं नाही, बाबागुटी नाही. म्हणजे घरातल्या तान्ह्याच्या गोष्टींना ‘बाळ’ आणि साहेबाच्या थाटाच्या गोष्टींना ‘बाबा’ अशी वाटणी भाषेनं आपली आपण केलेली दिसते. बाबागाडी हा शब्द बंगल्याच्या व्हरांड्यातून मराठीत आला असं मी म्हणते ते मुख्यतः यावरून.

एक सावधगिरी. ‘बाबा’ अमक्याच भाषेतून आला असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून जरा लांब राहा. फारसीत बाबा आहे, तुर्कीत आहे, आपल्याकडे प्राकृतातला ‘बप्प’ आणि त्याचा ‘बाप’ आहे. ओठ मिटून उघडले की मुलाच्या तोंडून आधी निघतात ते प, ब, म. ते ऐकून सगळ्या जगातल्या आईबापांनी आपापली नावं ठरवून घेतली. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानं यावर एक सुंदर निबंध लिहून ठेवलाय. इंग्रजी ‘बेबी’चं मूळही अशाच बोबड्या बोलात. तेव्हा बाबा आणि बेबी भेटले ते नातेवाईक म्हणून भेटले असं नाही, शेजारी म्हणून भेटले.

आता गोव्यात या. इथं गोष्ट आणखी गमतीची होते. आमच्याकडे आदरानं घ्यायच्या नावाला ‘बाब’ लागतं. कोंकणीत तर लागतंच, पण आमच्या मराठीतही ते सहज येतं. बोरीचे कवी बा. भ. बोरकर महाराष्ट्राला बोरकर म्हणून माहीत, गोव्याला बाकीबाब म्हणून. आणि शेजारच्या घरात दोन वर्षांचं पोर धडपडलं तर त्यालाही ‘अरे बाबा, पडलास रे!’ मोठ्याला बाब, धाकट्याला बाबा, लाडात आलं तर बाबू, बाबलो, बाबूश. पोरगा मोठा होतो, पोटाला सुटतो, पंचायतीचा सरपंच होतो, आणि गाव त्याला बाबूशच म्हणतं. मुलींकडे असंच ‘बाय’चं राज्य आहे. तान्ही ती बाय, कॉलेजात जाते ती बाय, आणि तिची मावशीही बाय. तुमच्या आईच्या कानाला ‘बाबा’ म्हणजे मुलगा आणि ‘बाय’ म्हणजे मुलगी अशी जोडी पक्की बसलेली आहे. त्यांना बाबागाडी खटकणारच.

देशावर ती खटकत नाही, कारण तिथं ‘बाबागाडी’ हा शब्द आता घट्ट मिटलेला आहे. त्यातला बाबा वेगळा काढून कोणी बघत नाही. आमच्याकडे तो अजून उघडतो. याचं कारण मला असं वाटतं. शब्द जन्मला मुंबई-पुण्याच्या बाजूला, जिथं साहेब होता. गोव्यात १९६१ पर्यंत साहेब नव्हता, पोर्तुगीज होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी चाकांची गाडी असलीच तर तिच्याकडे बोट दाखवणारा शब्द पोर्तुगीज होता, ‘कारिन्यो’, म्हणजे छोटी गाडी. ‘बाबागाडी’ आम्हाला मिळाली ती छापील मराठीतून, मासिकातून आणि मुंबईहून सुटीला आलेल्या नातेवाइकांच्या तोंडून. मी डिचोलीला लहानाची मोठी झाले. हा शब्द मी आधी वाचला आणि गाडी नंतर कितीतरी वर्षांनी पाहिली, तीही पणजीला कांपालच्या बागेत. तोवर माझ्या डोळ्यांसमोर भगवी कफनी घातलेला एक बाबा गाडीत बसून हिंडत होता.

गाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्राकृतात ‘गड्डी’ आहे, तिची गाडी झाली. मोठा ओबडधोबड तो गाडा, आटोपशीर ती गाडी, जसा लोटा-लोटी, पाटा-पाटी. गोव्यात गाडा म्हटलं की चाकं कोणाला आठवत नाहीत, त्यावर मिळणारं रस-ऑम्लेट आठवतं. चाकं असतातही त्याला, पण वर्षानुवर्षं न हललेली.

आता साहेबाच्या भाषेत या वस्तूला काय म्हणत ते बघू, कारण तिथंही हाच बसणारा-ढकलणारा गोंधळ आहे, आणि माझी फजितीही तिथलीच.

इंग्रजी शब्द पेरँब्युलेटर. लॅटिनमध्ये ‘अंब्युलारे’ म्हणजे चालणं आणि ‘पेर’ म्हणजे इकडून तिकडे, सगळीकडून. शेवटचं ‘टर’ म्हणजे करणारा. तेव्हा पेरँब्युलेटरचा अक्षरशः अर्थ हिंडणारा, पायी फिरणारा. गाडीत बसलेलं मूल काही चालत नाही. चालते ती मागची आया. म्हणजे इंग्रजांनी नाव दिलं ते ढकलणाऱ्याच्या क्रियेवरून आणि आपण दिलं ते बसणाऱ्यावरून. त्याच ‘अंब्युलारे’तून आलेली आणखी एक गाडी आपल्याला रोज दिसते, अँब्युलन्स. ती मूळ फ्रेंचांच्या फौजेबरोबर हिंडणाऱ्या इस्पितळाची.

वस्तूचा इतिहासही या नावासारखाच उलटसुलट आहे. १७३३ साली विल्यम केंट या इंग्रज वास्तुकारानं डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी केली. ती बकरीनं किंवा लहानशा तट्टानं ओढायची होती. म्हणजे माझ्या पहिल्या रांगेत ती बकरीगाडी! पुढे मुलांच्या गाड्या माणसं ओढू लागली, पण ओढताना पाठ मुलाकडे होते. मागे काय चाललंय ते दिसत नाही. चार्ल्स बर्टननं १८५३ च्या सुमारास मागून ढकलायच्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, आणि पेरँब्युलेटर हे नाव या ढकलगाडीला चिकटलं. लोकांनी ते चावून चावून ‘प्रॅम’ केलं. तळ सपाट असलेल्या एका होडीलाही इंग्रजीत प्रॅमच म्हणतात, पण ती डच भाषेतून आलेली. दोघींचा संबंध नाही. जुन्या कोशांत ‘बाबागाडी’ शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे १८५३ साल सांगायची. मोल्सवर्थचा मराठी कोश पहिल्यांदा आला १८३१ ला, आणि त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ला. लंडनमध्ये जी वस्तू चार वर्षांपूर्वी आली, तिचं मराठी नाव त्यात शोधायला जाऊ नये.

आता फजिती. भाषांतराच्या कामाला नवीन होते तेव्हा माझ्याकडे मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीची एक जुनी सामानयादी मराठीत करायला आली. साखळी, झेंडे, थिओडोलाइट, तंबू, आणि त्यात ‘पेरँब्युलेटर, २’. मी कोश उघडला, शब्द सापडला, आनंदानं लिहिलं: ‘बाबागाड्या, २’. मनात एक चित्रही उभं केलं, की साहेब सहकुटुंब मोजणीला निघालाय, मुलं जुळी आहेत. ते तसंच छापून गेलं. नंतर एका निवृत्त मोजणीदारानं मला गाठलं आणि हसू आवरत विचारलं, ‘बाई, मुलं किती होती साहेबाला?’ मग त्यांनी अंगणातल्या मातीवर काठीनं चित्र काढून दाखवलं. लांब दांडा, खाली एकच मोठं चाक, आणि दांड्यापाशी चाकाचे फेरे मोजणारी तबकडी. मोजणीदार ते ढकलत रस्त्यानं चालायचा आणि मुक्कामाला पोचला की तबकडीवर वाटेचं अंतर तयार. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून हिंदुस्थानच्या वाटा मोजायला हे चाक वापरलं गेलं, आणि त्याचंही नाव पेरँब्युलेटरच. मुलांच्या गाडीला ते नाव मिळालं त्याच्या कितीतरी आधीपासून. नावाचा अर्थही त्याला जास्त शोभतो, कारण ते खरंच सगळीकडून हिंडतं. तेव्हापासून यादीतला एक शब्द भाषांतर करायचा असेल तर मी आधी त्याचे शेजारी कोण ते बघते. साखळी आणि झेंड्यांच्या मध्ये बाळ बसणार नाही.

सासूबाईंच्या पांगुळगाड्याकडे येते. शब्द फार जुना आणि अस्सल देशी. संस्कृत ‘पंगु’, त्याचा पांगळा, पांगुळ. पहाटे येऊन सूर्याचा सारथी अरुण याच्या नावानं दान मागणाऱ्यांनाही महाराष्ट्रात पांगूळ म्हणत, कारण अरुणाला मांड्याच नाहीत. ज्याला अजून पायांवर चालता येत नाही त्याचा गाडा तो पांगुळगाडा. पण, आणि सासूबाईंना हे हळूच सांगा, मूल त्यात बसत नाही. मूल त्याच्या मागे उभं राहतं.

डिचोलीच्या आमच्या घरी एक होता. मेस्तानं, म्हणजे सुतारानं, घरच्या फणसाच्या लाकडाचा केलेला. तीन चाकं, पुढे एक आणि मागे दोन, चाकं म्हणजे लाकडाच्या जाड चकत्या. मागच्या आसापासून दोन दांडे वर आलेले आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी, साधारण वर्षाच्या मुलाच्या छातीला लागेल एवढ्या उंचीवर. पट्टी आमच्या आधीच्या पिढीच्या हातांनी मऊ झालेली, मध्यभागी दातांच्या खुणा. मूल ती पट्टी धरून उभं राहायचं, अंगाचा भार पुढे टाकायचं, गाडा सरकायचा, आणि पडू नये म्हणून त्याला पाऊल टाकावंच लागायचं. चाकं गुळगुळीत फिरणारी नसत हाच त्याचा गुण. खडखडत, अडत जायचा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर फार पळायचा नाही. पुढे घरात तांबडा सिमेंटचा कोबा आला आणि गाडा पोरांच्या हातून निसटू लागला. मग आजीनं पुढच्या चाकाला सुतळी गुंडाळली. सावंतवाडीच्या चितारांच्या दुकानांत लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी मिळतात, त्यातले रंगीत गाडे दिसायला देखणे असत. आमचा बिनरंगाचा होता आणि आवाजाला जास्त.

तेव्हा फरक सरळ आहे. बाबागाडीत मूल बसतं आणि दुसरा कोणी ढकलतो. पांगुळगाड्यात मूलच ढकलतं. इंग्रजीत जुन्या काळी ‘गो-कार्ट’ म्हणत ते आपल्या पांगुळगाड्याच्या जातीचं. पुढे त्याच नावानं मुलांना बसवून न्यायची गाडी ओळखली जाऊ लागली, आणि आज गो-कार्ट म्हणजे शर्यतीची मोटार. त्यांच्याकडेही एक शब्द तीन वस्तूंवर फिरला, तेव्हा सासूबाईंना फार बोल लावू नका. हल्ली दुकानात वॉकर म्हणून मिळतं, गोल कडं, मध्ये कापडाची बैठक आणि खाली चाकं, ते मात्र पांगुळगाडा समजून घेऊ नका. त्यात मूल लोंबकळत वेगानं सरकतं, जिन्यापर्यंत पोचतं. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. हे भाषेच्या प्रश्नाबाहेरचं आहे, पण मुलगी आठ महिन्यांची म्हणालात म्हणून लिहिलं.

आया हा शब्द वर ओघात येऊन गेला. गोव्याच्या वाचकांसाठी त्यावर थांबलं पाहिजे, कारण या सगळ्या कुटुंबात आपला हक्काचा शब्द तोच. पोर्तुगीजमध्ये ‘आइया’ म्हणजे मुलं सांभाळणारी बाई. हा शब्द पोर्तुगिजांबरोबर या किनाऱ्यावर उतरला, इंग्रजांनी उचलला, मराठी-हिंदीत रुळला. मुंबईच्या साहेबांच्या घरी आया म्हणून कामाला गेलेल्या बायकांत आपल्या गोव्याच्या पुष्कळ होत्या. म्हणजे चित्र असं: गाडी प्राकृत, आत बसलेला बाबा फारसी-तुर्की वळणाचा आणि इंग्रजीच्या सावलीतला, आणि मागून ढकलणारी आया पोर्तुगीज नावाची, गोव्याची.

आणि खुद्द गोव्यात? इथं बाबागाडीचं फारसं कधी जमलंच नाही. जुन्या घराला रस्त्यापासून चार पायऱ्या, मग बल्कांव म्हणजे बसायचा ओटा, मग उंबरा. अंगण चिऱ्यांचं नाहीतर वाळूचं. चार महिने पाऊस. मूल पाळण्यात असायचं, नाहीतर कमरेवर. परवा कळंगुटला एक गोरी आई वाळूतून गाडी ढकलत होती. पुढची दोन चाकं रुतली, तिनं ती उचलून हवेत धरली आणि मागच्या दोन चाकांवर गाडी उलटी ओढत नेली. मूल निवांत झोपलेलं. आमच्या कॉलनीत एक जुनी बाबागाडी आहे, वरचं छप्पर गेलेलं, तिच्यातून गॅसचा सिलिंडर येतो. सिलिंडर आला की कोणीतरी गॅलरीतून ओरडतंच, ‘बाबा आयलो रे!’

तुमच्या बायकोच्या ‘स्ट्रोलर’ला माझी हरकत नाही. अमेरिकी शब्द, अर्थ पुन्हा तोच, रमतगमत चालणारा. म्हणजे हाही मागच्याचा. तुमची घडी होणारी गाडी आहे ना? तिचा मूळपुरुष ओवेन मॅक्लॅरन, स्पिटफायर विमानांच्या चाकांची रचना करण्याचं काम केलेला इंजिनिअर. विमानाची चाकं उडताना पोटात घ्यायची असतात, ती विद्या त्यानं १९६५ मध्ये मुलांच्या गाडीला लावली आणि छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी केली. ब्रिटनमध्ये तिला ‘बगी’ म्हणतात, म्हणजे आपली घोड्याची बग्गीच. हा शब्द इंग्रजीत कुठून आला ते त्यांच्याच कोशकारांना नक्की सांगता आलेलं नाही. मराठीत लिहिताना मी झोपवायच्या खोल, जड गाडीला आणि बसवायच्या हलक्या गाडीला, दोन्हींना बाबागाडीच लिहिते. फरक सांगायचाच असेल तर ‘घडीची बाबागाडी’. एका हस्तलिखितात ‘शिशुशकट’ असं शुद्ध नाव आलं होतं, ते मी कापलं. भागवतात शकट, म्हणजे गाडा, आहे आणि त्याच्याजवळ कृष्ण हे तान्हं बाळही आहे, पण त्या बाळानं लाथ मारून तो शकट उलटवला होता.

राहता राहिली बायगाडी. नियम म्हणून बघा: मालगाडी, दूधगाडी, बाबागाडी यांच्याच साच्यातला शब्द, आत कोण आहे ते सांगणारा. बाबागाडीत मुली बसतातच, आणि कोशातला शब्द मुलगी बसली म्हणून बदलत नाही, तेव्हा परीक्षेत आणि छापताना बाबागाडीच लिहा. पण तुमच्या आईनं केलं ते भाषा नेहमी करते तेच. मिटलेला शब्द त्यांनी उघडून बघितला, आत भलताच माणूस दिसला, तो उतरवून आपल्या नातीला बसवलं. घरात खुशाल चालू द्या. मुलगी बोलायला लागेल तेव्हा ती जे म्हणेल तेच घरात टिकेल, ‘स्ट्रोलर’सकट सगळे शब्द मागे पडतील.

मुद्रितशोधकाची एकच सूचना. दोन्ही शब्द जोडून लिहा, मध्ये जागा सोडू नका. ‘बाबा गाडी’ असं सुटं लिहिलंत तर मुलगी बापाकडे मोटार मागतेय असं वाटेल. आणि ‘बाय, गाडी!’ हे तर आमच्याकडे फोंड्याच्या बाजारात मागून टेंपो आला की ओरडायचं वाक्य आहे.